हाडाची चाल आणि माणसाची घाई

संध्याकाळच्या वेळी शहरातल्या कुठल्याही दंतवैद्याच्या दवाखान्यात जाऊन बसावे. बाकड्यावर शाळेच्या गणवेशातली एखादी मुलगी असते आणि शेजारी तिची आई. मुलीचे वरचे दात पुढे आलेले असतात, किंवा एखादा सुळा भलत्याच जागी उगवलेला असतो. डॉक्टर तोंड तपासतात, दातांचे ठसे घेतात, क्ष-किरणांची फिल्म उजेडाकडे धरून पाहतात आणि तारा लावाव्या लागतील असे सांगतात. आईचा पहिला प्रश्न खर्चाचा असतो, दुसरा वेळेचा. दीड ते दोन वर्षे हे उत्तर ऐकले की तिचा चेहरा उतरतो. मधे दहावीचे वर्ष येणार, शाळेत पोरे चिडवणार, दर महिन्याला खेपा घालाव्या लागणार. यातून काही लवकर होण्यासारखे नाही का, असे ती हळूच विचारते.

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही आणि आजचाही नाही. दात सरळ करण्याची विद्या जेवढी जुनी, तेवढाच तो जुना आहे. अलीकडे त्याला नवी उत्तरेही मिळू लागली आहेत. हिरडीतून हाडाला बारीक छिद्रे पाडणे, अतिसूक्ष्म कंपनांनी चालणाऱ्या पात्याने हाडावर छोटे छेद घेणे, लेसरचा सौम्य प्रकाश देणे, असे निरनिराळे उपाय निघाले असून त्याने दात झपाट्याने सरकतात असे सांगितले जाते. हे कितपत खरे, याकडे शेवटी वळूच. पण त्याआधी ज्या माणसाने ही विद्या तिच्या पायावर उभी केली, त्याची गोष्ट सांगितली पाहिजे. कारण दातांच्या बाबतीत माणसाची घाई, माणसाचा हट्ट आणि हाडाची स्वतःची चाल यांचा जो झगडा आहे, तो या एका आयुष्यात जसा दिसतो तसा दुसरीकडे क्वचितच दिसेल.

त्याचे नाव एडवर्ड हार्टली अँगल. जगातल्या कुठल्याही दंत महाविद्यालयात, आपल्या मुंबई-पुण्यातल्या किंवा नागपूर-औरंगाबादच्या महाविद्यालयांतसुद्धा, वाकड्या दातांचा विषय सुरू झाला की पहिले नाव त्याचे येते. इंग्रजीत त्याच्या आडनावाचा अर्थ कोन. दातांचे कोन सुधारण्यात ज्याची हयात गेली, त्याला हे आडनाव जन्मतःच मिळावे ही गंमतच म्हणायची.

अँगलचा जन्म १ जून १८५५ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, हेरिक नावाच्या खेड्यात झाला. घर शेतकऱ्याचे. सात भावंडांत हा पाचवा. अभ्यासात फारसे लक्ष नाही, पण हातात हत्यार आले की मुलगा रमायचा. शेतातल्या अवजारांची मोडतोड आणि जोडणी हा त्याचा छंद. पोराचा हात चालतो हे आईने हेरले आणि त्याला एका दंतवैद्याच्या हाताखाली उमेदवारीला धाडले. त्या काळात दंतवैद्यकी ही बरीचशी कारागिरीच होती. सोन्याचा पत्रा ठोकणे, डाग देणे, कवळ्या घडवणे ही कामे ज्याला जमत तो या धंद्यात टिकत असे. पुढे तो फिलाडेल्फियाच्या दंत महाविद्यालयात शिकला आणि १८७८ साली पदवी घेऊन टोवांडा या गावात त्याने दवाखाना थाटला.

व्यवसायात जम बसतो न बसतो तोच छातीच्या दुखण्याने त्याला घेरले. फुप्फुसाच्या आवरणाला सूज आली होती. औषधोपचारांपेक्षा हवापालटावर त्या वेळी वैद्यांची भिस्त अधिक असे. अँगल पश्चिमेकडे निघाला. आधी मिनेसोटा आणि मग थेट मोंटाना. तिथे त्याने दंतवैद्यकी सोडून मेंढपाळी पत्करली. भांडवल घातले, मेंढ्या घेतल्या. मग एक भयंकर हिवाळा आला. हिमवादळात कळप गेला आणि त्याबरोबर पैसाही. हात हलवत तो मिनियापोलिसला परतला. ती थंडी पडली नसती तर दंतवैद्यकाचा इतिहास निराळा लिहावा लागला असता. एक चांगला कारागीर मोंटानाच्या कुरणात मेंढ्यांची लोकर कातरत राहिला असता.

मिनियापोलिसला आल्यावर त्याने वाकड्या दातांकडे लक्ष वळवले. या क्षेत्राची तेव्हाची अवस्था चमत्कारिक होती. नियम असा कुठलाच नाही. प्रत्येक दंतवैद्य प्रत्येक रुग्णासाठी नवे यंत्र आपल्या अकलेने घडवी. कोणी स्क्रू वापरी, कोणी रबर, कोणी रेशमी दोरा, तर कोणी लाकडाची पाचर. दोन रुग्णांच्या तोंडात सारखे साधन सापडणे कठीण. एखाद्याच्या हातून गुण आला तर तो का आला हे दुसऱ्याला कळायला मार्ग नसे.

वेगाचा वाद तेव्हाही होताच. न्यूयॉर्कचे जॉन नटिंग फरार हे या विषयातले मोठे नाव. दात किती भराभर सरकवावा याचा हिशेब त्यांनी मांडला होता. स्क्रू सकाळी इंचाच्या दोनशे चाळिसाव्या भागाएवढा आणि संध्याकाळी तेवढाच फिरवावा, त्यापुढे जाऊ नये, असा त्यांचा दंडक. म्हणजे एका वेळेला जेमतेम एक दशांश मिलिमीटर. दुसऱ्या टोकाला उतावळ्यांचा पंथ होता. १८९३ साली शिकागोला मोठे जागतिक प्रदर्शन भरले, त्याच्या निमित्ताने दंतवैद्यांचीही परिषद झाली. तिथे जॉर्ज कनिंगहॅम या इंग्रज दंतवैद्याने तात्काळ उपायाची पद्धत मांडली. वाकड्या दाताभोवतीचे हाड कापायचे, दात जागच्या जागी हलवून सरळ करायचा आणि पट्टी बांधून ठेवायचा. महिन्यांचे काम एका बैठकीत. आजच्या छिद्रे पाडण्याच्या तंत्राचा हा खापरपणजोबा म्हणायला हरकत नाही.

अँगलला या दोहोंपेक्षा वेगळ्याच गोष्टीची चिंता होती. वेग किती हा प्रश्न नंतरचा. आधी दात कुठे न्यायचा आहे हेच कोणाला नीट ठाऊक नाही, हे त्याला खुपत होते. १८८७ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत त्याने आपली पद्धत मांडली आणि त्याच वर्षी ती छापूनही आली. त्या पुस्तिकेचे पुढे वाढत वाढत सात आवृत्त्यांचे जाडजूड पुस्तक झाले. त्याची कल्पना साधी होती. यंत्र प्रत्येक वेळी नव्याने घडवायचे कशाला? मोजके सुटे भाग आधीच तयार ठेवावेत, ते पेटीत भरून विकावेत आणि दंतवैद्याने हवे तसे जोडावेत. जर्मन सिल्व्हरच्या पट्ट्या, नळ्या, आटे पाडलेल्या तारा असे ते भाग होते. शेतावरच्या अवजारांत रमलेल्या पोराने कारखान्याचे शहाणपण दातांच्या दवाखान्यात आणले. पुढे आयुष्यभरात त्याने तिसांहून अधिक पेटंटे घेतली. रोग बरा करण्याच्या साधनावर मालकी सांगणे अनेक समव्यावसायिकांना रुचले नाही आणि त्यावरून शत्रूही पुष्कळ झाले.

मिनेसोटा विद्यापीठात तो या विषयाचा प्राध्यापक झाला. मग शिकागोला, मग सेंट लुईसला. पण तो कुठेच फार काळ टिकला नाही. विद्यापीठे त्याच्या विषयाला वेळापत्रकात कोपऱ्यातली जागा देत. दात भरणे आणि कवळ्या करणे हे मुख्य, दात सरळ करणे ही शेवटची चटणी. दात सरळ करणे हे स्वतंत्र शास्त्र आहे, त्यासाठी वेगळा माणूस, वेगळे शिक्षण आणि सगळे लक्ष हवे, असा अँगलचा आग्रह. त्याने स्वतः बाकीची कामे बंद करून फक्त हेच काम करायचे ठरवले. आज तज्ज्ञाकडून तज्ज्ञाकडे पाठवणीची आपल्याला सवय झाली आहे, पण त्या काळी एकाच प्रकारच्या कामावर पोट भरण्याचा हा निर्णय धाडसाचा होता.

शेवटी विद्यापीठांचा नाद सोडून १९०० साली त्याने सेंट लुईसमध्ये स्वतःचीच शाळा काढली. काही आठवड्यांचा अभ्यासक्रम आणि मोजके विद्यार्थी, तेही आधी दंतवैद्य झालेले. या शाळेत ऊतींचा सूक्ष्मदर्शकाखालचा अभ्यास होता, नाक-घशाचा अभ्यास होता आणि चक्क चित्रकलाही होती. तिथूनच या विषयाच्या तज्ज्ञांची अमेरिकेतली पहिली संघटना निघाली, तिचा पहिला अध्यक्ष अँगल. १९०७ साली या विषयाचे पहिले नियतकालिकही त्याच्याच वर्तुळातून निघाले. शाळा, संघटना आणि नियतकालिक या तीन खांबांवर त्याने एक नवा व्यवसाय उभा केला.

मात्र या सगळ्यापेक्षा टिकाऊ ठरली ती १८९९ साली त्याने मांडलेली एक वर्गवारी. मुलाला सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ही वरची दाढ खालच्या दाढेवर कशी बसते, एवढेच अँगलने पाहिले. वरच्या दाढेचा पुढचा बाहेरचा उंचवटा खालच्या दाढेच्या खाचेत नेमका बसला तर पाया ठीक, बिघाड फक्त पुढच्या दातांत. हा पहिला वर्ग. खालची दाढ मागे राहिली असेल तर दुसरा वर्ग. पुढे गेली असेल तर तिसरा. झाले, इतकेच. पण या एका युक्तीने शेकडो प्रकारच्या वाकडेपणाला तीन खणांत बसवता आले. सेंट लुईसचा दंतवैद्य लंडनच्या दंतवैद्याशी दोन शब्दांत बोलू शकला. सव्वाशे वर्षे लोटली, क्ष-किरण आले, संगणक आले, तरी आजही केसपेपरावर पहिली ओळ या वर्गाचीच असते.

माणूस म्हणून अँगल सोपा नव्हता. शिस्त कडक, जीभ तिखट आणि स्वतःच्या मतावर विश्वास अपार. विद्यार्थ्यांवर त्याने जिवापाड प्रेम केले, पण त्याच्या पद्धतीपासून जो ढळला तो त्याच्या लेखी मेला. संघटना त्यानेच काढली आणि ती आपल्या मनासारखी चालत नाही असे वाटताच तिच्याकडे पाठही फिरवली. मार्टिन ड्यूईसारखा गुणी शिष्य पुढे वेगळा होऊन स्वतःची शाळा चालवू लागला. पहिले लग्न मोडले. १९०८ साली त्याने अ‍ॅना हॉपकिन्सशी लग्न केले. ती आधी त्याच्याकडे चिटणीस म्हणून काम करायची. पुढे तिने दंतवैद्यकाची पदवी घेतली, त्याची हस्तलिखिते तपासली, शाळेचा व्याप सांभाळला. तापट गुरू आणि दुखावलेले शिष्य यांच्यामध्ये उभी राहिलेली ही बाई नसती तर शाळा इतकी वर्षे चालली असती का, याची शंकाच आहे.

आता त्याच्या हट्टाकडे येऊ. तोंडात बत्तीस दात आणि जबडा मात्र लहान, अशी अडचण असली की जागा करण्यासाठी काही दात काढून टाकण्याची चाल जुनीच होती. अँगलच्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांतही ती मान्य केलेली आहे. पण १९०७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत त्याचे मत पार उलटले. निसर्गाने दिलेला प्रत्येक दात राखलाच पाहिजे आणि दात योग्य जागी बसले की चेहरा आपोआप सुंदर होतो, असा सिद्धान्त त्याने धरला.

या मतामागे दोन गोष्टी होत्या. पहिली सौंदर्याची. सुंदर चेहऱ्याचे माप काय, या प्रश्नाने त्याला पछाडले होते. प्राचीन अपोलोच्या पुतळ्याचा चेहरा हा त्याचा आदर्श. पण समोर येणाऱ्या पोरापोरींच्या चेहऱ्यांना तो लागू होईना. सेंट लुईसचे चित्रकार एडमंड वूर्पेल यांना त्याने एक नेमका नियम मागितला. वूर्पेल यांनी सांगितले की असा एकच नियम नाही. प्रत्येक चेहऱ्याचा तोल वेगळा. अँगलने यातून आपल्या सोयीचा अर्थ काढला. चेहऱ्याला नियम नसेल तर दातांना आहे; सगळे दात जुळवा, चेहऱ्याचा तोल निसर्ग सांभाळील. त्याने वूर्पेल यांना आपल्या शाळेत शिकवायलाही बोलावले.

दुसरी गोष्ट हाडाची. बर्लिनचे शल्यवैद्य यूलियुस वोल्फ यांनी १८९२ साली दाखवले होते की हाड हा निर्जीव दगड नव्हे. त्यावर जसा भार पडतो तशी त्याची आतली रचना बदलते. अँगलला हे वाचून बळ आले. दात नीट बसवा, माणूस नीट चावू लागेल, चावण्याच्या भाराने जबड्याचे हाड वाढेल आणि जागा आपोआप होईल, असे त्याने मनाशी पक्के केले. वोल्फ यांचे निरीक्षण बरोबर होते. अँगलने त्यावरून मारलेली उडी मात्र फार लांब होती.

शिकागोचे कॅल्विन केस यांनी या सिद्धान्ताला जाहीर आव्हान दिले. काही रुग्णांत दात काढावेच लागतात, नाहीतर दात सरळ होऊनही तोंड पुढे येते, हे त्यांचे म्हणणे. १९११ साली यावर मोठा वाद झडला. अँगलची बाजू ड्यूई यांनी लढवली. वाद कडवट झाला, पण अमेरिकेत पुढची कित्येक वर्षे अँगलचाच शब्द चालला. केस यांचे पुरावे चांगले होते, पण त्यांच्यापाशी अँगलसारखी शाळा आणि शिष्यांची फौज नव्हती. शास्त्रातही कधी कधी खरे काय यापेक्षा मागे किती जण उभे आहेत यावर निकाल लागतो.

याच सुमारास युरोपात या विद्येचे खरे गुपित उलगडत होते आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ते फार महत्त्वाचे आहे. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. तो खोबणीत, एका मिलिमीटरच्या पाव भागाहूनही पातळ अशा धाग्यांच्या आवरणात टांगलेला असतो. दाताला एका बाजूने हलके ढकलले की दाबाच्या बाजूचे हाड पेशी खातात आणि ओढीच्या बाजूला नवे हाड भरतात. खोबण पुढे सरकते आणि तिच्यासोबत दात. स्वीडनचे कार्ल सँडस्टेट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून १९०४-०५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे दाखवले. १९११ साली ऑस्ट्रियाचे आल्बिन ओपेनहाइम यांनी माकडांवरचा अभ्यास मांडला. सँडस्टेट यांच्या अभ्यासातली एक गोष्ट उतावळ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. जोर जास्त लावला की ते पातळ आवरण चेंगरते, रक्ताचा पुरवठा तुटतो, तिथल्या पेशी मरतात आणि दात जागच्या जागी थांबतो. मेलेला भाग मागच्या बाजूने पोखरून साफ होईपर्यंत आठवडे जातात. म्हणजे जितकी घाई, तितका उशीर. शिवाय दाताचे मूळ झिजून आखूड होण्याचा धोका निराळाच.

अँगलची पहिली यंत्रे फार नाजूक नव्हती. दाढांना पट्ट्या आणि त्यांना जोडलेली जाड तारेची कमान, तिला प्रत्येक दात बारीक तारेने बांधायचा. त्याने दाताचा वरचा भाग कलत असे, मूळ मात्र मागेच राही. मग १९१० च्या सुमारास त्याने प्रत्येक दातावर नळी आणि तारेवर खुंट्या अशी रचना केली. मुळापर्यंत ताबा मिळाला, पण खुंट्या दर खेपेला वितळवून पुन्हा डाग द्यायच्या. सोनाराचा हात असल्याशिवाय ते जमेना. १९१५ च्या सुमारास फितीसारख्या चपट्या तारेचे यंत्र आले. ते सोपे होते, पण ताबा पुन्हा सुटला. प्रत्येक यंत्र झाले की अँगल त्याचे दोष पाहून पुढच्याला लागे. सिद्धान्ताच्या बाबतीत हेकट असणारा हा माणूस हत्यारांच्या बाबतीत स्वतःची चूक किती सहज कबूल करी, हे पाहण्यासारखे आहे. धातू खोटे बोलत नाही, आणि कारागीर त्याचे ऐकतो.

दरम्यान शाळा सेंट लुईसहून न्यूयॉर्कला, तिथून कनेक्टिकटमधल्या न्यू लंडनला गेली. तब्येतीने पुन्हा दगा दिला, आणि अँगल दांपत्य कॅलिफोर्नियाच्या उबदार हवेत आले. पासाडेनाला १९२२ नंतर शाळेचे शेवटचे पर्व सुरू झाले. आता अभ्यासक्रम आठवड्यांचा नव्हता. विद्यार्थी वर्षभर आणि त्याहूनही अधिक काळ गुरूपाशी राहत.

इथेच, सत्तरी ओलांडल्यावर, त्याने आपले शेवटचे आणि सर्वोत्तम यंत्र घडवले. १९२८ साली ते जगापुढे आले. प्रत्येक दातावर एक चिमुकला कंस, त्याला समोरून उघडी आडवी खाच, उंची २२ सहस्रांश इंच आणि खोली २८ सहस्रांश इंच. तिच्यात आयताकृती छेदाची तार कडेवर बसते. गोल तार खाचेत फिरते, चौकोनी तार फिरत नाही. म्हणून तारेला दिलेला पीळ थेट दाताच्या मुळापर्यंत पोचतो. दात आत-बाहेर, वर-खाली, आणि मुळासकट कलता करता येऊ लागला. तेव्हाची तार सोन्याच्या मिश्रधातूची होती, आता ती पोलादाची किंवा निकेल-टायटॅनियमची असते. पण खाचेचे २२ सहस्रांश इंच हे माप आजही कारखान्यांत चालते. शाळकरी मुलीच्या दातांवर जे चकाकते, ते त्या म्हाताऱ्याचे कसब असते.

११ ऑगस्ट १९३० रोजी सांता मोनिकाला अँगल वारला. वय ७५. शिष्यांनी त्याच्या नावाने मंडळ काढले आणि १९३१ पासून त्याच्या नावाचे नियतकालिक निघू लागले. ते आजही निघते.

गोष्ट इथे संपली असती तर ती एका थोर पुरुषाची नेहमीची गोष्ट झाली असती. पण खरी कसोटी पुढेच आहे. अखेरच्या वर्षांत चार्ल्स ट्वीड नावाचा एक तरुण अँगलच्या हाताखाली होता. नव्या यंत्राचा प्रसार कर, फक्त याच पद्धतीने काम कर, ही गुरूची आज्ञा. ट्वीड ॲरिझोनातल्या टूसॉन गावी गेला आणि त्याने ती तंतोतंत पाळली. एकही दात न काढता सगळे दात जुळवले. काही वर्षांनी त्याने आपलेच रुग्ण बोलावून तपासले आणि तो हादरला. कित्येकांचे दात पुन्हा वाकडे झाले होते. कित्येकांचे तोंड पुढे आले होते. जबड्याचे हाड अँगलने सांगितल्याप्रमाणे वाढलेच नव्हते.

ट्वीडपुढे दोन वाटा होत्या. गप्प राहायचे, किंवा गुरूचे चुकले असे सांगायचे. त्याने तिसरी, अधिक कठीण वाट घेतली. त्याच रुग्णांवर पुन्हा उपचार केले. या वेळी सुळ्यामागची चार उपदाढा काढून जागा केली आणि अँगलच्याच यंत्राने दात मागे घेतले. १९४० साली त्याने शंभर रुग्णांच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी सर्वांपुढे मांडून ठेवल्या. अँगलच्या शिष्यांनी त्याला फितूर ठरवले. पण ठसे आणि छायाचित्रे समोर होती. हळूहळू जग ट्वीडकडे झुकले, आणि दात काढण्याची जणू साथच आली. मग तिचाही अतिरेक झाला आणि पुन्हा तोल साधावा लागला. आज प्रत्येक चेहरा पाहून निर्णय घेतात. म्हणजे चित्रकार वूर्पेल यांनी जे सांगितले होते, तिथेच शास्त्र वळसा घालून आले.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे. हाड कापून घाई करण्याची कल्पना कनिंगहॅमबरोबर संपली नाही. अँगललाही शस्त्राचे वावडे नव्हते. अतिपुढे आलेला खालचा जबडा कापून मागे घेण्याच्या शस्त्रक्रियेवर त्याने १८९८ साली लिहिले आहे. १९५९ साली ऑस्ट्रियाच्या हाइनरिख कोले यांनी दाताभोवतीच्या हाडाच्या फक्त कठीण वरच्या थराला छेद घेण्याची पद्धत मांडली. छेदांमुळे हाडाचा तुकडा दातासकट सरकतो असे त्यांना वाटे. खरे कारण वेगळे निघाले. हॅरॉल्ड फ्रॉस्ट या अमेरिकन अस्थितज्ज्ञाने १९८३ साली दाखवून दिले की हाडाला जखम झाली की तिच्या आसपासची सगळी मोडजोड काही काळ वेगाने चालते. हाड तात्पुरते मऊ पडते. विल्को बंधूंनी २००१ साली याच समजुतीवर आपली पद्धत उभी केली. ते पेनसिल्व्हेनियाचेच, अँगलच्या राज्यातले. पण त्यात हिरडी उलगडावी लागे. २००९ साली हिरडी न उलगडता बारीक चिरेतून कंपनाच्या पात्याने छेद घेण्याची पद्धत आली. मग फक्त छिद्रे पाडण्याची आली. २०१३ साली न्यूयॉर्कमधल्या वीस रुग्णांच्या अभ्यासात अशा छिद्रांनी दात दुपटीहून अधिक वेगाने सरकल्याचे प्रसिद्ध झाले आणि सगळीकडे उत्साहाची लाट उसळली.

लाट ओसरल्यावर चित्र असे दिसते. नंतरच्या काही काळजीपूर्वक चाचण्यांत छिद्रांचा फारसा फरक आढळला नाही. छेदांच्या पद्धतींनी वेग वाढतो, पण तो सुरुवातीचे काही आठवडे ते दोन-तीन महिने. जखम भरली की हाड आपल्या मूळ चालीवर येते. एरवी दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. तेव्हा संपूर्ण उपचारातून किती वेळ वाचतो याचे उत्तर अजून डळमळीत आहे. कंपनांच्या यंत्राबाबत तर पुरावा आणखीच कमकुवत. या पद्धती निरुपयोगी आहेत असे नव्हे. मोठ्या वयाच्या रुग्णाला, ठराविक अडचणीत, नेमक्या वेळी त्यांचा उपयोग होऊ शकतो. पण शाळकरी मुलीच्या हिरडीत छिद्रे पाडून दोन वर्षांचे सहा महिने होतील, असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर जरा थांबावे.

थांबून काय करावे, हे अँगल आणि ट्वीड यांच्या आयुष्यांतून शिकण्यासारखे आहे. अँगलने आपल्याला दात सरकवण्याचे हत्यार दिले, ते अजून चालते. त्याने दिलेला सिद्धान्त मात्र त्याच्याच शिष्याने मोडीत काढला. हत्यार त्याने रोज तपासले होते. सिद्धान्त तपासला नव्हता. हाडाला गुरू कळत नाही, शिष्य कळत नाही, आणि परीक्षेचे वेळापत्रकही कळत नाही. त्याला फक्त त्याच्यावर पडणारा भार कळतो, आणि तो पचवायला लागणारा वेळ.

म्हणून त्या आईने डॉक्टरांना जरूर विचारावे. लवकर होईल का, एवढेच विचारू नये. तुम्ही ज्यांना असे उपचार केलेत त्यांचे दात पाच वर्षांनी कसे आहेत, हे विचारावे. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. तो कपाट उघडतो आणि जुने ठसे काढून टेबलावर मांडतो.